नकाराचे सहा शर्ट

मिसळीचा रस्सा छातीवर सांडला नसता तर सत्यजीत त्या दुकानात कशाला शिरला असता? शिरूरच्या एसटी स्टँडसमोर रेडिमेड कपड्यांची दुकानं काय थोडी आहेत! पण रविवारचे साडेदहा वाजलेले, पांढऱ्या शर्टावर तांबडा ओघळ, आणि रस्ता ओलांडल्यावर पहिलं दार आनंदरावांच्या दुकानाचं. शिरला.

“ताई, शर्ट द्या एक. चाळीस नंबर. लवकर. बारा वाजता कवठ्याला पोचायचंय.”

काउंटरमागे सुरेखा होती. सहा वर्षं ती तिथं पुरुषांचे शर्ट विकत होती. शिरूरमधल्या निम्म्या बाप्यांच्या छातीचं माप तिला तोंडपाठ, पण कुणाच्या छातीत काय चाललंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

“कशाला पाहिजे, दादा? लग्नाला का ऑफिसला?”

“पोरगी बघायला चाललोय.”

“मग रस्सा अंगावर कशाला घेतला?”

“घाबरलो की मला भूक लागती.”

सुरेखाला हसू फुटलं. गिऱ्हाइकाला हसायचं नाही ही आनंदरावांची सक्त ताकीद, म्हणून ती झटकन रॅककडे वळली. तेवढ्यात या बहाद्दरानं सेलच्या ढिगातनं सगळ्यात चकचकीत शर्ट उपसला होता.

“ठेवा तो. आधी मुठीत दाबा त्याला… हां, आता सोडा.”

त्यानं मूठ उघडली. कापडाचा पार चोळामोळा झालेला.

“बसल्यावर पोटावर असंच होणार. आन् हा कडकपणा कापडाचा न्हाई, खळ हाय खळ. एका धुण्यात जाती. आता हा बघा. खिशाचा चौकडा अंगाच्या चौकड्याला जुळलाय ना? म्हंजी शिवणाऱ्यानं मन लावलंय. टाके बारीक, कॉलरची दोन्ही टोकं सारखी, काजातनं दोरा लोंबत न्हाई. आन् किंमत त्या झगमगीपेक्षा कमीच हाय.”

“शर्टात एवढं बघायचं असतंय?”

“ते लोक तुमच्यात बघणारच हायेत ना? मग तुम्ही शर्टात नको बघायला?”

तो ट्रायल रूममधून बाहेर आला. फिकट निळा चौकडा, खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर. बाकीची गिऱ्हाइकं विचारतात, शर्ट कसा बसलाय? यानं विचारलं, “कसा दिसतोय मी?”

“बरे दिसताय,” सुरेखा म्हणाली, आणि उगाच तिचे कान तापले.

तीन दिवसांनी, बुधवारी, स्वारी परत हजर.

“शर्ट आवडला त्यांना,” तो म्हणाला. “पोरगा न्हाई.”

न्हावऱ्याला पाच एकर बागायत, दारात दोन म्हशी, रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी… पण कॉन्ट्रॅक्टवर. मुलीकडच्यांना पुण्यात फ्लॅट पाहिजे, नाहीतर पर्मनंटचं लेटर पाहिजे. दोन्ही नाही म्हटल्यावर पोहे खाऊन गुपचूप उठायचं. त्यात त्याच्या आईचा, सरूबाईंचा, हुकूम निघालेला: ज्या शर्टात नकार मिळाला तो पुन्हा कुठल्या पोरीच्या दारात न्यायचा नाही. अपशकुनी तो. तो घालून कंपनीत जायचं. बघायला जाताना दर वेळी नवा.

“म्हंजी तुम्ही येतच राहणार का काय?”

“देवा! असं नका बोलू ओ.”

पण तो येतच राहिला. वरवंडला पिस्ता रंग गेला, नकार आला. केडगावला बारीक रेघांचा गेला, नकार आला. तिसऱ्या खेपेला त्याच्या तोंडचं ‘ताई’ गळालं, चौथ्या खेपेला तिच्या तोंडचं ‘दादा’. मग काय म्हणायचं ते दोघांनाही सुचेना, म्हणून कुणीच कुणाला काही म्हणेना. “अहो… हे…” एवढ्यावर भागायचं.

“आज कुठला रंग काढू?”

“तुम्हाला कुठला आवडतो?”

“पोरीला आवडायला पाहिजे. मला आवडून काय करायचंय?”

“पोरगी पाच मिनिटं बघणार. तुम्ही मला अर्धा तास बघताय.”

“शर्ट बघतीय मी!”

“हां… मग मीबी शर्टाचंच म्हणतोय.”

आता खरं सांगायचं तर सुरेखा नकारांची वाट बघायला लागली होती. रविवारी कार्यक्रम, मंगळवारपर्यंत नकार, बुधवारी तो. रविवारी दुपारी तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. बुधवारी त्याचा पडलेला चेहरा दारात दिसला की हिचा जीव भांड्यात पडायचा. आणि मग लाज वाटायची, अशी लाज की विचारू नका. एक माणूस तोंडात मारल्यासारखा परत येतोय आणि आपण मनातल्या मनात हरखतोय… काय बाई आहोत आपण! घरी भाकऱ्या थापताना ती स्वतःला शिव्या घालायची, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा ठेवणीतला ड्रेस घालून यायची.

सहाव्या शर्टाला सरूबाई स्वतः आल्या. उन्हानं दमून स्टुलावर टेकल्या. सुरेखानं पाणी दिलं तर, “गुणाची हायेस गं बाई,” म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत पुढं बोलल्या,

“आता माझी काय अट न्हाई बघ. काळी चालंल, बुटकी चालंल, शिकलेली नसली तरी चालंल. फक्त आपल्यातली पाहिजे, बास.”

सुरेखा शर्टाची घडी घालत होती. ती मोडली. तिनं पुन्हा घालायला घेतली. ती शिरूरच्या बौद्ध वस्तीतली, सत्यजीत न्हावऱ्याच्या मराठ्यांचा. तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. शेकड्यानं बायोडेटे चाळतील, सोलापूरपर्यंत गाडी काढतील, पण हातभर अंतरावर उभी असलेली पोरगी या माणसांना दिसायची नाही. तिनं सत्यजीतकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

त्या शर्टालाही नकारच आला.

सातव्या वेळी तो रविवारीच आला, रात्रपाळी करून रांजणगावहून परस्पर. आनंदराव नुकतंच दुकान उघडत होते. दौंडची मुलगी होती, अनुपमा नावाची, तिथल्या एका शाळेत शिकवणारी. त्याच्या हौसरावमामानं मध्यस्थी केलेली.

“मामा म्हणतो, बोलणं बरंच पुढं गेलंय. पर्मनंट-बिर्मनंटचं त्यांना काय न्हाई. पोरगा नीटनेटका दिसला की झालं.”

“मग… होकारच समजायचा?”

“शर्ट तेवढा राहिलाय.” तो हसला नाही. “तुम्ही काढाल तो.”

सुरेखा रॅककडे गेलीच नाही, सरळ सेलच्या ढिगाकडे गेली. बिस्किटी रंगाचा एक शर्ट तिनं काढला. खांदे ओघळलेले, कॉलर एका अंगाला फुगलेली, खिशाची रेघ अंगाच्या रेघेपासून करंगळीभर सरकलेली. होऊ दे अजून एक नकार, तिच्या मनानं म्हटलं. येऊ दे याला बुधवारी परत.

त्यानं तो घातला. आरशात बघितलंसुद्धा नाही. “तुम्ही दिलाय म्हंजी झालं,” म्हणाला आणि स्टँडकडे गेला.

झालं! पाच मिनिटं ती कशीबशी काउंटरला धरून उभी राहिली. डोळ्यांसमोर दौंडची ती बैठक… अनोळखी माणसं, पोह्यांच्या बश्या, आणि मधोमध हा, लोंबत्या खांद्यांचा, खाली मान घालून बसलेला. कुणीतरी तोंडाला रुमाल लावून हसतंय. नकार मिळायचा तर मिळू दे, पण आपल्या हातून याचं हसं? छे! तिनं रॅकच्या मागून मोतिया रंगाचा शर्ट ओढला. आख्ख्या दुकानात त्या भावात तसा दुसरा नव्हता, आणि तो तिनंच महिनाभर दडवून ठेवला होता. “शेठ, आलेच!” म्हणत ती धावत सुटली.

दौंडची गाडी लागलेली होती. सत्यजीत खिडकीत.

“उतरा. उतरा खाली! तो काढा, हा घाला.”

“इथं?”

“इथंच.”

गाडीच्या आडोशाला त्यानं शर्ट बदलला. ती दुसरीकडे बघत उभी राहिली, म्हणजे बघायचं ठरवून उभी राहिली. कॉलरचं एक टोक आत मुडपलं होतं. सुरेखानं हात पुढं केला आणि ते सारखं केलं. तिची बोटं त्याच्या मानेला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

“मग आधीचा का दिला?” त्यानं हळूच विचारलं.

“चूक झाली.”

“तुमची चूक होत न्हाई.”

“माणूस हाय मी… होती कधी कधी.”

तो बघत राहिला. काहीतरी बोलायला त्याचे ओठ हलले… आणि कंडक्टरनं घंटी मारली.

“न्हाई जमलं तर येतोच बुधवारी,” तो पायरीवरून म्हणाला.

“ह्या शर्टात जमणार,” सुरेखा म्हणाली. “जावा.”

बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही बुधवारी आला नाही. कुणी निरोप आणला नाही, कुणी पेढा दिला नाही, पण तिला कळलं. नकार आला असता तर तो आला असता. दारावरची काच वाजली की तिची मान आपोआप वर व्हायची आणि तशीच खाली जायची. आनंदराव म्हणायचे, “सुरेखा, लक्ष कुठंय? बेचाळीस मागितला, तू चाळीस दिलास.” लक्ष कुठं असणार! आपल्याच हातानं आपण त्याला सजवून धाडलं, हे तिला झोपू देईना. आणि धाडलं नसतं तर काय झालं असतं? आठवा शर्ट, नववा शर्ट… तिच्या दारात तर तो कुठलाच शर्ट घालून येणार नव्हता. तिला रडूही नीट येईना. रडायला काही आपलं असावं लागतं, ते गेलेलं असावं लागतं. हिचं काय गेलं होतं?

महिन्यानं एक जीप दुकानासमोर थांबली. लग्नाचा बस्ता! साड्यांचा बस्ता नगरला झाला होता, पण पोराचे कपडे मात्र इथंच घ्यायचे, असा सरूबाईंचा हट्ट. मामा, मावश्या, नवरी, नवरीचा भाऊ, सगळं खटलं आत आलं.

“हीच ती पोरगी!” सरूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. “हिच्या हातगुणानं माझ्या लेकाचं जमलं.” आणि त्यांनी कौतुकानं सुरेखाच्या हातात एक ब्लाउजपीस ठेवला. सुरेखानं तो घेतला. घेतल्यावर वाकून पाया पडली. दुसरं काय करणार?

सत्यजीत ट्रायल रूममध्ये होता. ती दुसऱ्या रंगाचा शर्ट द्यायला मागं गेली, तर दार उघडंच होतं.

“सुरेखा.”

नावानं. आजवर कधी घेतलं नव्हतं.

“सात पोरींच्या दारात गेलो मी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “जिथं जायला पाहिजे होतं तिथं गेलो न्हाई. दर खेपंला ठरवून यायचो, आज विचारायचंच. आन् शर्ट घेऊन माघारी जायचो. तुम्हाला… तुला कळत होतं का?”

“न्हाई.”

“विचारलं असतं तर?”

“हो म्हणाले असते.”

विचार करायच्या आतच तिच्या तोंडून निघालं. त्याचा चेहरा उजळला… आणि लगेच पडला.

“आता काय करणार हाय तुम्ही?” तिनं विचारलं.

बाहेर सरूबाई मोठ्यानं हसत होत्या. त्यानं तिकडं पाहिलं. मग फरशीकडे.

“पत्रिका छापल्यात,” तो म्हणाला. “आन् आई… मला न्हाई जमायचं, सुरेखा. तेवढा धीर असता तर…”

“मग सांगितलं कशाला?” तिचा आवाज चिरकला. “मला वाटायचं, हे माझं एकटीचंच हाय. येडी हाय मी, म्हणून गप बसले होते. तेवढ्यावर निभलं असतं माझं. आता ह्याचं काय करू मी? कुठं ठेवू हे?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते पुसावंसं वाटलं, आणि त्याच हातानं एक ठेवून द्यावीशीही वाटली. तिनं दोन्ही केलं नाही. त्याच्या हातात शर्ट दिला आणि दार लोटून घेतलं. तिथंच, आरशामागच्या बोळकांडीत, भिंतीला पाठ लावून तिनं ओढणीनं डोळे कोरडे केले. मग बाहेर आली.

“बसला का गं?” सरूबाईंनी विचारलं.

“बसला, मावशी.”

अनुपमा उठून काउंटरजवळ आली. साधी, हसऱ्या तोंडाची मुलगी. राग यावा असं तिच्यात काहीसुद्धा नव्हतं, आणि तेच सुरेखाला सोसेना.

“ताई, मला शर्टातलं काहीच कळत नाही,” ती हळूच म्हणाली. “आता पुढं मलाच आणावे लागणार. काय बघून घेत जाऊ?”

सुरेखानं तिला शांतपणे सगळं सांगितलं. अनुपमा मन लावून ऐकत होती, शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होती. सांगून संपलं, तरी सुरेखाचा हात शर्टावरून निघेना.

“आन् एक. नुसता नंबर बघून कधी घेऊ नका. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब हाय, मनगट उघडं पडतं. घालून बघितल्याशिवाय घ्यायचाच न्हाई.”

“अय्या! हे तर सासूबाईंनाही माहीत नसेल,” अनुपमा हसली. “तुम्हाला कसं कळलं?”

“आमचं कामच हाय ते,” सुरेखा म्हणाली, आणि शर्ट पिशवीत भरायला लागली.