दुसरी मध्यरात्र

हीटर वाढव जरा, कोडी. आणि ब्रिएल, तू दात काढू नकोस. हे आपल्या डॉक्टर व्हर्लिन आसेनच्या बाबतीत घडलंय.

गेल्या जानेवारीतला दुसरा गुरुवार. व्हर्लिनचं काम तुम्हाला ठाऊकच आहे: कोणाला दवाखान्यात ठेवायचं, कोणाला घरी धाडायचं. विम्याचा नियमच आहे: दवाखान्यात दोन मध्यरात्री उलटतील एवढा आजार असेल तरच भरती. नाहीतर जरा लक्ष ठेवायचं आणि पाठवून द्यायचं. हिल्मा ब्रेकेबाईंची एकच रात्र झाली होती.

"आजची रात्र ठेवा ना, डॉक्टर. बरं नाही वाटत."

"तुमचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत, हिल्माबाई. घरी जा, गरम सूप प्या."

संध्याकाळी मीच त्यांना घरी सोडणाऱ्या व्हॅनमध्ये बसवलं. घाईत मनगटावरचा दवाखान्याचा नावाचा पट्टा कापायचा राहिला आणि चष्मा उशाशी विसरला. काम संपल्यावर व्हर्लिन तो चष्मा द्यायला निघाला. बाईंचं घर त्याच्या वाटेवरच होतं.

बाहेर मिट्ट काळोख, सगळीकडे बर्फ. स्वयंपाकघरात दिवा होता, दार नुसतं लोटलेलं. बाई टेबलाशी बसल्या होत्या. कोट, बूट तसेच.

"दुसरी मध्यरात्र झाली का हो?"

"अजून सातसुद्धा नाही वाजले."

"मग थांबते."

सवयीने त्याने नाडी बघायला हात धरला. बोटं सरकवली. पुन्हा सरकवली...

काही नाही.

मग बाईंनी त्याचं मनगट धरलं. घट्ट.

खिशात फोन वाजला. मीच केला होता. "व्हर्लिन, हिल्माबाई व्हॅनमध्येच वारल्या रे. ड्रायव्हरने अर्ध्या वाटेवरून मागे आणलंय. घरी पोचल्याच नाहीत..."



"ऑर्विल, फेकू नकोस हं," असं म्हणशील तू, ब्रिएल. विचार व्हर्लिनला. तो म्हणतो, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. फोन ठेवून बघितलं तर खुर्ची रिकामी होती. त्याने चष्मा टेबलावर ठेवला, दिवा मालवला आणि दवाखान्यात परत आला.

मी चादर बाजूला केली. बाईंच्या मनगटावर पट्टा नव्हता.

कात्रीशिवाय निघत नाहीत रे ते पट्टे.

व्हर्लिनने हातमोजा काढला...

त्याच्या मनगटावर. अख्खा. कुठेही न कापलेला. हिल्माबाईंचं नाव.

मी कात्री पुढे केली.

"नको," तो म्हणाला. "बाईंची दुसरी मध्यरात्र होऊ दे."