कौशल्याबाईच्या जबड्यातला दात

ही गोष्ट घडलेली आहे. रचली असती, तर शेवट बरा केला असता.

१९३९. चैत्रातली दुपार. अकोला. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना.

माझी थोरली बहीण कौशल्याबाई तेल्हाऱ्याहून जबडा धरून आली होती. तिकडे तिचा वांग्या-मिरच्यांचा मळा. दोन वर्षांपूर्वी तिची लेक शकुन तापात गेली. सात वर्षांची. एकुलती एक.

जायच्या आदल्याच दिवशी पोरीचा पुढचा दुधाचा दात पडला होता. आमच्याकडे तो कौलांवर फेकतात, म्हणजे नवा लवकर येतो. बाई म्हणाली, "बरी झाली की तिच्याच हातानं फेकू."

दात पदराच्या गाठीतच राहिला.

डॉक्टरांनी नव्या यंत्रावर जबड्याचा फोटो काढला. काच उजेडासमोर धरली...

मग एका जागी बोट ठेवलं.

"दाढेखाली एक दात आहे. लहान मुलाचा, पुढचा. दुधाचा नव्हे, त्यानंतर येतो तो. मूळ अर्धंच झालंय. सात-आठ वर्षांच्या मुलांत असं दिसतं."

"मूळ अजून वाढते काय?" बाईनं विचारलं.

"वाढेल. पण काढायला हवा."

"मंग राहू द्या."

"बाई, जिवावर बेतंल!" मी म्हणालो.

"तू चूप बस, देवीदास. लेकरू वाढून राह्यलं."

पुढच्या चैत्रातल्या फोटोत मूळ भाताच्या शिताएवढं लांबलं होतं. त्यापुढच्या चैत्रात टोक बंद झालं. दहाएक वर्षांचं वय, डॉक्टर म्हणाले.

बाईनं दरवर्षी शकुनचं पोलकं शिवलं. दरवेळी बोटभर मोठं. घरात कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि विनोदी लिहून लोकांना हसणं हा माझा धंदा आहे.

त्या पावसाळ्यात तिचं तोंड सुजलं. ताप चढला.

"आज काढला नाही, तर या वाचणार नाहीत," डॉक्टर मला म्हणाले.

तिनं माझा हात धरून नाही-नाही अशी मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले. पण आतून...

कट् कट् कट्.

हुडहुडी भरलेल्या पोराचे दात वाजतात तसे.

होकार मी दिला.

डॉक्टरांनी हिरडी उघडली. आत दात नव्हता. पू नव्हता. काहीच नव्हतं.

ताप उतरला. बाई जेवू लागली. तिसऱ्या दिवशी तिनं गाल दाबून पाहिला. पुन्हा दाबला. मग जोरात.

"देवीदास... आता दुखत काहून नाही रे?"

सात वर्षं झाली. गेलो की ती अजून हेच विचारते.

मी चहा मागतो.