चौदा म्हणजे निरोगी

पाऊलशिळेवर हिरवा दिवा लागला, तेव्हा चांगुणा घरतच्या डाव्या टाचेत बोटाच्या पेराएवढी काच रुतलेली होती.

शिळेवर रक्त दिसलं म्हणून नर्सने पाऊल उचलून पाहिलं. चांगुणाला स्वतःला पत्ताच नव्हता. सकाळपासून ती शेलखारच्या मिठागरात त्याच पायांनी उभी होती.

त्या दिवशी आरोग्यकेंद्राच्या पाहणीसाठी डॉ. वैजयंती केळुसकर आल्या होत्या. पाऊलशिळा त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलेली. मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू मरतात. जखम दुखत नाही, म्हणून तिच्याकडे लक्षच जात नाही, आणि एक दिवस पाय कापावा लागतो. पूर्वी डॉक्टर तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून ‘लागतंय का?’ असं विचारत. शिळा कुणाला काही विचारत नसे. ती तळव्यावर दहा ठिकाणी बारीक कंप सोडी, नसेतून उठणारा संदेश मोजी आणि शंभरपैकी एक आकडा देई. तो त्या माणसाचा स्पर्शांक; जितका मोठा, तितक्या नसा जिवंत. लाल दिवा लागला, तरच मोठ्या रुग्णालयात जागा मिळे.

वैजयंतीबाईंनी स्वतः चिमट्याने काच काढली. चांगुणा खिडकीबाहेर बघत होती.

“कधी काढणार?” तिने विचारलं.

“काढली.”

चांगुणाने ती काच हातात घेऊन न्याहाळली. “नऊ वर्षं साखर आहे मला. दरसाल या दगडावर उभी राहते, दरसाल हिरवा. माझा आकडा किती?”

“चौदा.”

“नि तुमचा?”

वैजयंतीबाई घुटमळल्या. “अठ्ठ्याहत्तर.”

“मग मी बरी कशी?”

वैजयंतीबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. “शिळा नवी होती, तुम्ही यायच्या आधी, तेव्हा मिठागरातल्या झाडून सगळ्यांना लाल दिवा लागला. खारात राबून तळवे जाड होतात, कंप आत पोचत नाही. म्हणजे दोष मोजणीत होता. तुमच्यावर अन्याय नको, म्हणून मीच मीठकामगारांचा गट वेगळा केला. तुमची तुलना फक्त तुमच्यासारख्यांशी. गटाची सरासरी शिळा दरवर्षी स्वतःच काढते; तिच्या फार खाली गेलं, तरच लाल. तेव्हा ती बावन्न होती.”

“नि आता?”

“सोळा.”

“कातडी काय दरसाल जाड होते?”

“नाही,” वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या. “नसा मरतायत.”

चांगुणा ताडकन उठली. बांधलेल्या टाचेवर सगळा भार पडला, तरी तिचा चेहरा हलला नाही. “म्हणजे सगळ्यांचेच पाय मेले, म्हणून कुणाचाच मेला नाय? माझ्या जावेचा पाय गेल्या साली गुडघ्यापासून कापला. तिलाही हिरवाच होता! आम्हाला आमच्याशीच काय तोलता? एकदा तुमच्याशी तोला!”

“उद्या सगळ्याजणींना घेऊन या,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिठागर ओस पडलं. चांगुणाने एक्केचाळीस बायका केंद्रावर आणल्या. वैजयंतीबाईंनी त्यांचे तळवे कोमट पाण्यात भिजवून जाड कातडी घासून काढली, गटाची तुलना बंद केली आणि एकेकीला शिळेवर उभं केलं. तेहतीस लाल दिवे लागले. कुणी रडलं नाही. ‘आता तरी रुग्णालयात घेतील,’ असंच जी ती म्हणत होती.

दुपारी पडद्यावर मुख्यालयाच्या संगणकाचा मजकूर उमटला. वैजयंतीबाई मनातल्या मनात वाचू लागल्या.

“मोठ्याने वाचा,” चांगुणा म्हणाली.

“एका केंद्रावर एकाच दिवशी इतके रुग्ण संभवत नाहीत. शिळेत बिघाड गृहीत धरून सर्व निकाल रद्द. गटाची तुलना पुन्हा सुरू.”

“नि आमचे आकडे? तेपण रद्द?”

वैजयंतीबाईंनी खालची ओळ वाचली. आकडे रद्द झाले नव्हते. ते वार्षिक सरासरीत धरले गेले होते.

मिठागरातल्या निरोगी बाईचा स्पर्शांक आता अकरा होता.