किंतारोचा खरा मासा

“हा माझा मासा नाही,” विमलाआजी म्हणाल्या आणि चित्रावरून फिरणारी त्यांची बोटं थांबली.

अक्षता, कृणाल आणि सिद्धेश ही सोसायटीतली मुलं सुट्टीत त्यांच्याकडे किंतारोची गोष्ट ऐकायला आले होते. किंतारो म्हणजे जपानी लोककथेतला, डोंगरात वाढलेला दांडगा मुलगा. चित्रात लालबुंद अंगाचा तो धबधब्याखाली स्वतःपेक्षा मोठ्या माशाला मिठी मारून झुंजत होता. आजोबा विक्रोळीच्या कारखान्यातून शिकायला जपानला गेले, तेव्हा तिथल्या मित्राने हे चित्र त्यांना दिलं होतं. आता आजोबा नव्हते आणि आजींना फारसं दिसतही नव्हतं.

“आई, चित्र तेच आहे. तुला आता दिसत नाही ना,” त्यांचा मुलगा राजेश म्हणाला आणि मोबाइल कानाला लावून बाहेर गेला.

आजींचा चेहरा पडला. अक्षताला ते बघवेना. “आजी, तुम्ही कशावरून म्हणता?”

“अगं, लाकडावर चित्र कोरतात, रंग लावतात, वर कागद ठेवून मागून घासतात. खवले बोटाला लागायचे. हा कागद नुसता गुळगुळीत आहे.”

अक्षताने कागद उलटला. मागची बाजू पांढरीशुभ्र होती.

“माझ्या चित्राचा रंग मागेही उतरला होता,” आजी म्हणाल्या.

“म्हणजे ही झेरॉक्स आहे यार,” सिद्धेश पुटपुटला.

सोसायटीचं प्रदर्शन मांडणाऱ्या सुबोधकाकांनी त्यासाठी चित्र नेलं होतं. तिघंही हॉलकडे धावले. तिथे प्रदर्शन उतरवून काका बारशाची तयारी करून घेत होते.

“भिंत भरावी म्हणून बऱ्याच रंगीत कॉप्या काढल्या,” काका म्हणाले. “पण खरं चित्र मी स्वतः परत दिलंय. कॉप्या आत्ताच रद्दीत गेल्या.”

गेटपाशी रद्दीवाला गोणी हातगाडीवर चढवत होता.

“वाट लागली. खरं चित्र त्यातच गेलं असणार,” कृणाल म्हणाला.

“दादा, थांबा, आमचेपण पेपर आहेत,” म्हणत सिद्धेश जिन्याकडे पळाला. तो रद्दी आणेपर्यंत गाडी हलणार नव्हती. रद्दीवाल्याला विचारून बाकीच्या दोघांनी गोणी उघडली.

आतून किंतारोच किंतारो निघाले. तोच लाल मुलगा, तोच मासा.

“मुलांनो, पसारा कशाला करताय? सगळ्या कॉप्याच आहेत त्या,” मागून आलेले काका म्हणाले.

अक्षताने डोळे मिटले आणि एकेका कागदावरून बोटं फिरवली. गुळगुळीत. हाही गुळगुळीत. मग एका कागदावर बोट अडखळलं. तिने तो उलटला. मागे पुसटसा मासा उमटला होता.

काकांनी कागद उजेडात धरून पाहिला. “अरे, मी कॉपी परत केली आणि हे भिंतीवर टोचलं?”

काकांना घेऊन तिघंही आजींकडे परतले. आजींनी चित्र हातात घेतलं. टाचण्यांची भोकं लागली, फाटलेला कोपरा लागला, मग खवले लागले. त्यांनी तळवा तिथेच ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

राजेश दारातच उभा राहिला होता. “आई, चुकलं माझं. मी तुझं ऐकूनच घेतलं नाही,” तो म्हणाला आणि त्यांच्या पायाशी येऊन बसला.

सुबोधकाकांनी तिघांची पाठ थोपटली. “शाबास. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन तुम्हीच मांडा.”

“मांडू ना,” अक्षता म्हणाली. “पण काका, टाचण्या आमच्याकडे राहतील.”

आजी डोळे पुसता पुसता खळखळून हसल्या.