दोकचिलनं ओढलेलं फाटक

तो हीटर जरा इकडे सरकवा रे. आणि हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही, पलीकडच्या गल्लीतल्या दोकचिलची आहे. लसणाच्या शेतात जन्मभर माझ्या बांधाला बांध लावून राबलेला माणूस. थापा मारायची अक्कल देवानं त्याला दिली नाही, दिला तो नुसता संशय. टपालवाला गल्लीत थांबला की हा खिडकीत हजर.

गेल्या नोव्हेंबरात तो किमचीचा रिकामा डबा परत करायला शेजारी माल्सून वहिनींकडे गेला. वहिनींचा मुलगा इन्ह्वान सोलहून आलेला, शिडीवर चढून वळचणीला कॅमेरा लावत होता. म्हातारी एकटी राहते, अंगणात पडलीबिडली तर सोलमध्ये बसून तो काय करणार? तेव्हा कॅमेऱ्यातलं दोकचिलकाकांनाही दिसावं, असं त्याचं म्हणणं. पण दोन घरांचं वायफाय वेगळं, मधली भिंत ही जाड. वहिनींचं वायफाय दोकचिलच्या ओट्यापर्यंतसुद्धा पोचेना. शेवटी पोरानं स्वतःच्या ॲपमधून काकांच्या फोनला परवानगी दिली. मग वायफाय कुणाचं का असेना, काकांना घरबसल्या अंगण दिसायला लागलं.

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं भावजी. आधी भिंतीवरून डोकवायचात, आता टाचा उंच करायचेही कष्ट वाचले."

झालं! जेवताना अंगण, झोपताना अंगण. मांजर गेलं तरी हा इन्ह्वानला फोन करायचा. पोरगं पार कावून गेलं होतं.

घर विकलेलं होतं, जानेवारीत वहिनी कायमच्या मुलाकडे जाणार होत्या. त्यांना घोर होता तो एकच. नवरा गेल्यापासून दर वर्षी त्याच्या तिथीला त्या रात्री पान मांडायच्या, आणि तो जेवायला यायचा तो ह्याच घरी. सोलच्या त्या उंच इमारतींच्या जंगलात त्याला घर सापडायचं कसं? म्हणून यंदा जेवायला आला की नवा पत्ता सांगून टाकायचा, असं त्या माझ्या बायकोपाशी बोलल्या होत्या. बोलताना डोळ्यांतून पाणी काढलं हो त्यांनी.

तर ती रात्र. अकरा डिसेंबर, गुरुवार, साडेअकराचा सुमार. तिथीला येणाऱ्या इन्ह्वानची गाडी बर्फामुळे वाटेत अडकलेली. दोकचिल अंथरुणात पडून फोन बघत होता. बघतो तर वहिनींचं फाटक हातभर उघडं!

त्याच्या मनात पाल चुकचुकली. आठवड्यापूर्वीच कुणाच्या तरी वाळत घातलेल्या मिरच्या चोरीला गेल्या होत्या. त्यानं वहिनींना फोन केला. उचलला नाही. मग जाड कोट चढवून हा गेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यानं फाटक ओढून घेतलं, आतली कडी खटकन पडली. मोठं काम केलं अशा थाटात घरी आला आणि पुन्हा फोन उघडून बसला.

आता मला सांगा, पानाच्या रात्री गेलेल्याला आत येता यावं म्हणून फाटक उघडं ठेवतात, हे तुमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तिथी चंद्रावर, दर वर्षी तारीख वेगळी. हा गाढव साफ विसरला होता.

फोनमध्ये वहिनी ओट्यावर आल्या. अंगात पांढरे कपडे. पान मांडलेल्या खोलीकडे पाठ करून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. जेवणाऱ्याकडे बघायचं नसतं ना...

तेव्हा कुठं ह्याची ट्यूब पेटली.

आणि फाटक हललं.

एकदा. मग थांबलं... मग पुन्हा.

वारा नव्हता. कुंडीतलं पानसुद्धा हलत नव्हतं.

फोनमधून वहिनींचा आवाज आला. "आलात? अहो, उघडंच आहे..."

त्या गुडघे धरत धरत गेल्या. कडी काढली.

गल्ली रिकामी.

दोकचिल तसाच धावत सुटला. वहिनी उंबऱ्यात उभ्या.

"भावजी... तुम्ही लावलंत?"

ह्यानं नुसती मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

"आता ते मला शोधणार कुठं?" एवढंच म्हणाल्या, आणि तिथंच बसून रडायला लागल्या.

थंडीनं त्या काकडत होत्या. हा त्यांना हाताला धरून आपल्या घरी घेऊन आला. घाईत ह्याचंच दार सताड उघडं राहिलं होतं. स्वयंपाकघरात दिवा लावला...

टेबलावर वाटीत दुपारचा उरलेला भात होता. झाकलेला, गार. आता झाकण बाजूला होतं. भातातून वाफा निघत होत्या.

आणि भातात चमचा उभा खोचलेला.

जिवंत माणूस भातात चमचा उभा खोचतो का रे? तो मान मेलेल्याचा. दोकचिल एकटा राहतो.

वहिनींनी डोळे पुसले. टेबलाजवळ गुडघे टेकले. वाटीकडे पाठ केली, मान खाली घातली. मग हळूहळू, एकेक शब्द सांगत गेल्या... सोल. इमारतीचं नाव. चौदावा मजला. लिफ्टमधून उतरलं की डावा हात.

"उशीर झाला तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मी दार लावणार नाही."

...

कितीतरी वेळ दोघंही मान खाली घालून होते. मग दोकचिलनं मान वर केली.

वाटीत भाताचं एक शीतही उरलं नव्हतं. चमचा मात्र तसाच उभा होता.