माणूस घरात हवा

राहू दे, दिवे गेले तर गेले. मेणबत्तीला काय झालंय? आणि तू रे, मघाशी घरमालकाच्या नावानं बोटं मोडत होतास ना, गीझर बंद आहे, कुणी दुरुस्तीला येत नाही म्हणून? मग जवळ सरक आणि ऐक. ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे.

साडू चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. नजर बारीक, स्वभाव गरीब. तो, माझी मेहुणी आणि त्यांची चार वर्षांची पोर एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेली. महिन्याभरात झोपायच्या खोलीचं छत गळायला लागलं. भिंत ओली, गादी ओली, आणि पोरीला खोकला. साधासुधा नाही. रात्री उठून बसायची, श्वास लागायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ओल गेल्याशिवाय नुसत्या औषधांनी काही होणार नाही.

साडू गेला मेंटेनन्सच्या ऑफिसात. तिथला कारकून म्हणजे एक नमुनाच. "नंबर लावलाय. माणूस कधीही येईल. पण घरात कुणीतरी हवं हं. दाराला कुलूप दिसलं की नंबर रद्द, मग पुन्हा शेवटून."

झालं! दोघं आळीपाळीनं रजा काढून घरात बसायला लागले. माणूस काही येईना. एक दिवस मेहुणी पाच मिनिटं गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. खाली येऊन बघते तर काय, माणूस येऊन गेलेला! नंबर रद्द. साडू ऑफिसात जाऊन भांडला, नाकदुऱ्या काढल्या, कशाचा उपयोग नाही. वर कारकून म्हणतो, "तुमच्या वरचा फ्लॅट कित्येक वर्षं बंद आहे. पाणीसुद्धा तोडलंय. गळणार कुठून?"

"मग माझ्या उशीवर काय पडतंय, तुमचा घाम?" साडू म्हणाला. एवढा गरीब माणूस, पण त्याचंही डोकं फिरलं होतं.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचा एक वाजून गेलेला. पोर खोकून खोकून नुकती निजली होती. मेहुणी म्हणाली, "अहो, मी उद्या हिला घेऊन आईकडे जाते. हे घर नीट झालं की बोलवा. नाहीतर नका बोलवू." आणि तेवढ्यात वर आवाज झाला. कुणीतरी खुर्ची ओढत होतं.

म्हणजे वर माणसं राहतात! ऑफिसवाले धडधडीत खोटं बोलतात! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाना घेतला, खिशात एक वॉशर टाकला, आणि निघाला वर. आज काय तो सोक्षमोक्ष.

वरचं दार उघडंच होतं. त्यानं सवयीनं चपला बाहेर काढल्या. आत बारीकसा दिवा, दाराकडे तोंड केलेली एक खुर्ची, आणि खुर्चीजवळ उभी एक म्हातारी बाई.

"आलात एकदाचे!" ती कडाडली. "किती दिवस वाट बघायची माणसानं? आम्हाला काही कामं आहेत की नाहीत?"

साडू थक्क. अगदी हीच वाक्यं त्यानं सकाळी ऑफिसात ऐकवली होती. "अहो काकू, मी खालचा भाडेकरू—"

"मागचा आला तो म्हणे मी सुतार. सगळे असलंच काहीतरी सांगता. नळ तिकडे आहे."

हसू नका. त्यालाही हसू आलं होतं तेव्हा. म्हटलं, जाऊ दे, नळ दुरुस्त झाला की आपलंही गळणं थांबेल. बाथरूममध्ये जाऊन त्यानं नळ उघडला, वॉशर बदलला, आवळला. पाणी थांबलं. बाईनं नळाखाली हात धरला. धरूनच ठेवला. एकही थेंब नाही. तिचे डोळे भरून आले.

"कधीपासून नंबर लावला होता काकू?"

"तेव्हा माझे केस काळे होते," ती म्हणाली. "बाहेर पडलेच नाही मी. नंबर गेला असता ना."

साडूला खूप वाईट वाटलं. चीडही आली, ऑफिसची. मग ती म्हणाली, "खिडकीची कडी राहिलीय अजून. त्याचा माणूस यायचाय. तुम्ही जरा बसता? मी एवढं बाहेर जाऊन येते."

तो बसला. थकला होता बिचारा.

बाई बाहेर गेली. पायांत त्याच्याच चपला घातल्या. तो "अहो" म्हणणार होता...

जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

दिवा बारीक झाला. तो दाराकडे बघत बसला. उठावं असं वाटलं. पण माणूस आला तर? दार उघडं... घरात कुणी नाही... नंबर जाईल...

बसून राहिला.

आपण कुठले, कशाला आलो... आठवेना. माणूस यायचाय, एवढंच.

मग... खालून... खोकला.

बारीक. परत एकदा.

"माझी पोर!" तो ओरडला आणि अनवाणी धावत सुटला. खाली मेहुणी दारातच उभी. "होतात कुठे? उजाडलं की!"

पोरीचा तो शेवटचा ठसका. छताचं गळणं थांबलं होतं.

सकाळी त्यानं कारकुनाला हाताला धरून वर नेलं. दाराला कुलूप, तेही गंजून घट्ट झालेलं. तोडावं लागलं. आत धूळच धूळ. बाथरूममध्ये नळच नाही, पाइपाला बूच मारलेलं. खुर्ची तेवढी दाराकडे तोंड करून. चपला कुठेच नाहीत.

"इथे कोण राहायचं?"

"एक बाई होत्या. तक्रारी फार करायच्या."

"गेल्या कुठे?"

कारकुनानं ते तुटलेलं कुलूप उचललं. मग म्हणाला, "कुठे जाणार... हे कुलूप आम्ही नंतर लावलं. तेव्हा दार आतून बंद होतं."

त्यांनी ते घर सोडलं. दुसरीकडे गेले, पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. वर्ष गेलं, पोर ठणठणीत झाली. मग एका संध्याकाळी नव्या घरातलं सिंक तुंबलं. साडूनं तिथल्या ऑफिसला फोन केला. तेच उत्तर. "माणूस कधीही येईल, घरात कुणीतरी थांबा." त्यानं फोन आपटला. "आम्ही दोघं कामावर, पोर शाळेत. आता घरात थांबायला माणूस आणू कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं.

दारात त्याच्या चपला. निळे पट्टे, डाव्या पट्ट्याला त्यानंच घातलेला तारेचा टाका. तळ झिजून झिजून कागदाएवढे पातळ झालेले.

आणि त्यांची तोंडं... घराकडे. आत जाताना आपण काढून ठेवतो ना, तशी.