एका पंख्याची लाँच

युद्ध संपल्यावर मुंबईत लष्कराच्या जुन्या लाँचा लिलावात निघाल्या. त्यातली एक आमच्या पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीनं घेतली आणि तिची दोन्ही इंजिनं माझ्या गळ्यात मारली. मी फर्डिनंड, गावातला एकुलता एक मिस्त्री. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून घरी जायचो. इंजिन बिघडतं ते माणसाच्या आळसानं, हे माझं ठाम मत.

त्या आठवड्यात डाव्या इंजिनाचा पाण्यातला पंखा खडकाला लागून मोडला होता. तो काढून मी माझ्या पडवीत आणून टाकला होता. लाँच नुसत्या उजव्या इंजिनावर चालत होती. अशी चालली की ती अडेल बैलासारखी सारखी डावीकडे ओढ घेते, आणि तांडेलाला सुकाणू उलट रेटून धरावं लागतं. हात भरून येतात.

त्यातच अवचित वारा सुटला आणि जाळी बघायला गेलेली एक होडी परतली नाही. होडीत दोघं होते : माझ्या बहिणीचा, रोझलीनचा आग्नेल आणि आमच्या बळीराम तांडेलाचा शत्रुघ्न. पहिल्या दिवशी साऱ्या गावानं शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असतानाच बळीराम आणि मी लाँच काढली. हाक ऐकू यावी म्हणून इंजिन अगदी हळू ठेवलं.

किनाऱ्यावरचा किल्ला मागं धुक्यात गेला, तेव्हा बळीराम म्हणाला, "मिस्त्री, जोर लागंना."

"म्हणजे?"

"सुकानू सरळ धरलंय. लाँच सरळ जातंय."

"पाण्याची ओढ असेल," मी म्हणालो.

मी वेग वाढवला, कमी केला. लाँच सरळच. खाली उतरून डाव्या इंजिनावर तळवा ठेवला. थंडगार. फळी उचलून दांडा पाहिला. जागचा हलत नव्हता. हलला असता तरी काय, टोकाला पंखाच नव्हता. माझं डोकं चालेना आणि डोकं चाललं नाही की मला राग येतो.

वर आलो तर लाँच उजवीकडे वळत होती. एकट्या उजव्या इंजिनावर हे व्हायचं नाही, डावीकडून कुणी रेटल्याशिवाय.

"तांडेल, अर्नाळ्याकडं घ्या! वाहून गेलेलं सगळं तिकडंच लागतं."

बळीरामनं सुकाणूवरचे हात काढून घेतले. "जातंय तिकडं जाऊ द्या."

"डिझेल तेवढं नाही हो! चुकलो तर दोन्ही पोरं जातील!"

त्यानं हात पुन्हा सुकाणूवर ठेवले नाहीत. मीही सुकाणू हाती घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मला आजही कळत नाही.

धुक्यातून जाळी बांधायचा एक खुंट वर आला. त्याला मुंडाशानं स्वतःला बांधून आग्नेल लटकला होता. ओठ काळेनिळे, पण जिवंत. त्याला वर ओढताना मी लहान पोरासारखा रडलो.

"शत्रुघ्न कुठाय?" बळीरामनं विचारलं.

"तो तुमाला आनायला गेला ना! काल दुपारी. पवत गेला. म्हनला, लाँच घेऊनच येतो." आग्नेल आम्हा दोघांकडे बघू लागला. "भेटला नाय?"

बळीराम डावीकडच्या पाण्याकडे बघत राहिला.

"भेटला," तो म्हणाला.

येतानाही लाँच सरळच आली.

धक्क्यावर रोझलीन किंचाळत धावली. आग्नेलला खांद्यावर घालून माणसं घेऊन गेली. मागं शत्रुघ्नची आई जिजा एकटी उभी राहिली. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली. मी इंजिन बंद करायला वाकलो, तेव्हा बळीरामनं माझं मनगट धरलं.

"मिस्त्री, बंद नका करू."

माझं पोर मला मिळालं होतं. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

आम्ही बसून राहिलो. डिझेल संपलं. इंजिन खोकलं आणि आपोआप थांबलं.

ओहोटी जोरात होती. बाकीच्या होड्या दोर ताणून समुद्राकडे ओढत होत्या.

आमची लाँच बांधायची राहूनच गेली होती. ती उजव्या अंगानं धक्क्याच्या दगडांना घट्ट टेकून उभी होती.